गणंग

शुक्रवारी रात्री साडेआठला
लियोटा मावशीच्या स्वयंपाकघरात
हवेवर लाह्या फोडायचं यंत्र घरघरतं,
बाहेर नेब्रास्काचा वारा
शेजारच्या कोठाराचा पत्रा वाजवत बसतो.
लाह्या ओसंडतात. सगळे लाह्यांकडे बघतात.
मावशी बघते तळाशी.

तळाशी गणंग.
सगळा ताप सोसून तोंड मिटून राहिलेले.
ड्वेनकाका दरवेळी तोच विनोद करतो:
"आपल्याकडे यांना म्हाताऱ्या कुमारिका म्हणतात!"
आणि मग त्याला आठवतं
आपण कोणाच्या टेबलाशी बसलोय.
मावशी एकाहत्तरची. चाळीस वर्षं टपालात.
क्षणभर सगळे मिठाच्या डबीकडे बघतात.

मावशी काही बोलत नाही.
कपाळावरचा चष्मा नाकावर आणते
आणि दाणे निवडते, पूर्वी पत्रं निवडायची तशी:
कुठलं कुणाचं, कुठलं माघारी,
कुठल्याला पत्ताच नाही.

करपलेला काळा दाणा केरात.
खाणाऱ्यांच्या वाडग्यातला, लोणी चोपडलेला, तोही केरात;
दुसऱ्याच्या बोटांखालचं साठवायचं नसतं,
आणि लोणी खवट व्हायला वेळ लागत नाही.
यंत्राच्या तळचे कोरडे, अख्खे, तेवढेच बरणीत.
एकही चुकून लाह्यांत जाऊ द्यायचा नाही:
सत्त्याऐंशीच्या नाताळात
आर्विलाची दाढ अशाच एकानं दुभंगली.
दातांच्या डॉक्टरचं बिल अजून
चहाच्या डब्यामागे आहे. आर्विला नाही.

मग पाणी. पाव चमचा, जास्त नाही.
झाकण घट्ट. खुळखुळ्यासारखी हलवायची
सकाळ-संध्याकाळ, आणि परत फ्रिजमध्ये.
चार दिवसांनी नाक घालून वास घ्यायचा.
कुबट आला, किंवा एक जरी हिरवा ठिपका दिसला
तर माया करायची नाही, बरणीभर बाहेर.

मी एकदा म्हटलं, एवढा खटाटोप मूठभर मक्यासाठी?
ती म्हणाली, दाण्याच्या पोटात थेंबभर पाणी असतं,
त्याचीच वाफ होते, तीच आतून दार ढकलते.
यांचं पाणी कुठेतरी आटलंय.
काहींचं साल चिरलेलं असेल,
त्यांना कितीही पाजा, राहणार नाही.
"चिरलेला कुठला ते कसं कळतं?"
"पाजल्याशिवाय नाही कळत," ती म्हणाली
आणि बरणी हलवायला लागली.

पुढच्या शुक्रवारी एक्केचाळीसपैकी
सतरा फुटले.
लहान, वाकडे, एका कुशीवर झोपल्यासारखे.
मावशीनं ते वेगळ्या वाटीत घातले
आणि वाटी ड्वेनकाकापुढे सरकवली.
त्यानं चावलं. पुन्हा चावलं.
"जरा चिवट आहेत," म्हणाला.
"असणारच," मावशी म्हणाली,
आणि अशी हसली की चष्मा पुसायला काढावा लागला.

राहिले चोवीस.
कधी ते पिठाच्या गिरणीत जातात,
मक्याच्या पावात रवाळ होऊन येतात.
या खेपेला पिशवीत गेले:
आर्विलाच्या फ्लॅनेलच्या झग्याच्या बाहीची पिशवी,
चारी बाजूंनी शिवलेली, तोंडाला तेवढं बटण,
हिवाळाभर जमवलेले दाणे पोटात घेऊन जड.
मिनिटभर तापवायची, हात लावून बघायची,
मग गुडघ्यावर.

खोलीभर भाजक्या मक्याचा वास.
मावशी वाचत असते, मी जायला कोट चढवते,
वारा अजून पत्र्याशी भांडतोय.
आणि कधी कधी, सगळं निजानीज झाल्यावर,
पिशवीत
एक दाणा
टप्प करून फुटतो.

मावशी पुस्तकातून मान वर काढत नाही.
"आत्ता सुचलं होय तुला," म्हणते.